मूळ रिमवर रुंद परफॉर्मन्स टायर: मोजमाप आधी, खरेदी शेवटी

रुंद टायर घालताना बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी टायर पसंत करायचा, मग दुकानात विचारायचं "बसेल ना?", आणि मशीनवर तो चढला की काम झालं असं धरायचं. मशीनवर जवळपास काहीही चढतं. रिम हवी त्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच अरुंद असली तरी पेस्ट लावून, हवेचा दाब देऊन टायर रिमवर बसतो आणि लांबून दिसतोही झकास. पण भरल्या गाडीत, खड्ड्यात, पूर्ण स्टिअरिंग फिरवून रिव्हर्स घेताना तो काय करतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर टायर घेण्याआधी टेप आणि कागद-पेन घेऊन काढता येतं.

इथे फक्त कंपनीच्या मूळ रिमचा विचार केला आहे. रिम बदलणं, स्पेसर घालणं, आर्चची (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची) कड वाकवणं हे विषय वेगळे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच गाडी धरू: मूळ टायर १८५/६५ आर१५ ८८एच, रिम सहा इंच रुंद. यात १८५ ही टायरची रुंदी मिमीत, ६५ हे गुणोत्तर (बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के) आणि १५ हा रिमचा व्यास इंचात; ८८एच चा अर्थ टप्पा ३ मध्ये येईल. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची पद्धत तीच.

## टप्पा १: हाताशी काय हवं

स्टीलची टेप, एक सरळ लोखंडी पट्टी, टॉर्च, खडू, चांगला हवेचा गेज, टॉर्क रेंच, वायर ब्रश, जॅक आणि गाडीखाली लावायचे स्टँड. याखेरीज दोन गोष्टी लोक आणत नाहीत, पण त्यांच्यावाचून काम अंदाजपंचे होतं: ४ ते १२ मिमीचे काही ड्रिल बिट आणि मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले. ड्रिल बिटची मागची गोल दांडी फट मोजायला उत्तम. जिथे टेप शिरत नाही तिथे ८ मिमीचा बिट जातो आणि ९ चा अडतो, म्हणजे फट कळली. क्लेचं काम चौथ्या टप्प्यात येईल.

गाडीचं मॅन्युअलही काढून ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे जे स्टिकर असतं त्याचा फोटो घ्या. कंपनीने त्याच गाडीसाठी मंजूर केलेली दुसरी मापं आणि हवेचे आकडे तिथे सापडतात. वरच्या मॉडेलला कंपनीनेच तुमच्या रिमवर १९५ चा टायर दिलेला असेल, तर निम्मं काम तिथेच संपलं.

## टप्पा २: रिमची रुंदी

किती रुंद टायर घालायचा हे आर्चमधली जागा नंतर ठरवते. आधी ठरवते ती रिम.

रिमवरचे आकडे चाकाच्या मागच्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर किंवा आतल्या भिंतीवर कोरलेले असतात. लोखंडी रिमवर बहुधा व्हॉल्वच्या किंवा नटांच्या आसपास ठसा असतो. उदाहरणार्थ '१५×६जे ईटी४५'. १५ हा व्यास इंचात, ६ ही रुंदी इंचात, 'जे' हे अक्षर म्हणजे कडेच्या ओठाचा आकार आणि ईटी४५ म्हणजे ऑफसेट ४५ मिमी (रिमच्या मधल्या रेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागाचं अंतर). वायर ब्रश मारल्याशिवाय बरेचदा काही वाचता येत नाही.

आकडा सापडलाच नाही तर मोजावं लागतं, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. रुंदी मोजायची ती दोन ओठांच्या आतल्या बाजूंमध्ये, जिथे टायरचा बीड (रिमवर घट्ट बसणारी टायरची आतली कड) टेकतो तिथे. चाक आडवं ठेवून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावली, तर माप जवळपास एक इंच जास्त येतं. मग सहा इंची रिम सात इंची ठरते आणि त्या भरवशावर २१५ चा टायर मागवला जातो.

एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत व्यास तोच आणि रुंदी वेगळी, असं सर्रास असतं. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आकडा आपला मानू नका.

> तपासणी: चारही रिम वाचा. वापरलेली गाडी घेतली असेल तर एखादी रिम कधीतरी बदललेली असू शकते. ओठ वाकलेला, वेल्डिंग केलेली किंवा तडा गेलेली रिम असेल तर आधी ती दुरुस्त करा किंवा बदला.

## टप्पा ३: माप निवडणं

प्रत्येक टायरच्या मापाला रिमच्या रुंदीची ठरलेली मर्यादा असते, आणि त्यात एक 'मापाची रिम' असते, म्हणजे जिच्यावर टायरची रुंदी मोजून जाहीर केलेली असते. टायर कंपन्यांच्या तक्त्यात दोन्ही मिळतात. नेहमी लागणारी काही मापं अशी:

- १८५/६५ आर१५: रिम ५ ते ६.५ इंच, मापाची रिम ५.५
- १९५/६० आर१५ आणि १९५/६५ आर१५: ५.५ ते ७, मापाची रिम ६
- २०५/६० आर१५: ५.५ ते ७.५, मापाची रिम ६
- २०५/५५ आर१६: ५.५ ते ७.५, मापाची रिम ६.५
- २२५/४५ आर१७: ७ ते ८.५, मापाची रिम ७.५

मर्यादेच्या आत बसलं म्हणजे सुरक्षित, एवढंच. चांगलं हवं असेल तर तुमची रिम मापाच्या रिमच्या बरोबरीची असावी, फार तर अर्ध्या इंचाने अरुंद. त्याहून अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे छोट्या खाटेवर मोठी गादी: कडा बाहेर फुगतात आणि मधला भाग वर येतो. साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) ओठाच्या बाहेर लोंबते, वळणावर आधी ती वाकते आणि मग गाडी वळते. ज्या चपळ स्टिअरिंगसाठी पैसे घातले तेच सुस्त होतं. ट्रेडचा (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाचा) मधला पट्टा जास्त भार घेतो आणि लवकर झिजतो. म्हणून मूळ रिमवर साधारणपणे एक पायरी, म्हणजे १० मिमी, निर्धास्त वाढवता येते. दुसरी पायरी हिशोब जुळला तरच. तिसऱ्या पायरीचा विचार रिम न बदलता करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

### उंचीचा हिशोब

टायरचा बाहेरचा व्यास असा निघतो: रुंदी × गुणोत्तर × २, अधिक रिमचा व्यास मिमीत (इंच × २५.४).

मूळ १८५/६५ आर१५: १८५ × ०.६५ × २ = २४०.५, अधिक ३८१, म्हणजे ६२१.५ मिमी.

- १९५/६० आर१५: ६१५ मिमी, सुमारे १ टक्का कमी
- २०५/६० आर१५: ६२७ मिमी, ०.९ टक्का जास्त
- १९५/६५ आर१५: ६३४.५ मिमी, २.१ टक्के जास्त
- १९५/५५ आर१५: ५९५.५ मिमी, ४.२ टक्के कमी

फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा, तीनच्या वर तर जाऊच नका. व्यास वाढला की स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी दाखवतो, म्हणजे काटा शंभरवर असताना गाडी त्याहून जास्त वेगात असू शकते. व्यास घटला की गाडी जमिनीकडे बसते आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. रुंदी वाढवताना गुणोत्तर तेच ठेवण्याची चूक फार होते: १८५/६५ ऐवजी १९५/६५ घेतला की टायर रुंदीबरोबर १३ मिमी उंचही होतो. तो रिमवर व्यवस्थित बसतो, पण स्ट्रटवरच्या (चाकामागच्या उभ्या सस्पेन्शन नळीवरच्या) स्प्रिंगच्या वाटीला किंवा आर्चला लागू शकतो.

### भार आणि वेग

साइडवॉलवर मापानंतर जे '८८एच' असतं त्यातला ८८ म्हणजे एका टायरमागे ५६० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किमी. टी १९०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. भाराचा आकडा मूळपेक्षा खाली कधीच नको. वरच्या यादीतला १९५/५५ आर१५ साधारणपणे ८५ भाराचा मिळतो, म्हणजे ५१५ किलो. रुंद असूनही कमी भार पेलणारा. 'रुंद म्हणजे दणकट' या समजुतीवर जाऊ नका. वेगाचं अक्षरही मूळच्या बरोबरीचं किंवा वरचं घ्या.

'एक्सएल' लिहिलेला टायर जास्त भार पेलतो, पण त्यासाठी त्याला हवाही जास्त लागते. साध्या टायरचा जाहीर भार २५० किलोपास्कलला (सुमारे ३६ पीएसआय) धरतात, एक्सएलचा २९० ला (सुमारे ४२ पीएसआय). म्हणून साध्याच्या जागी एक्सएल घालून जुन्याच दाबावर चालवला, तर तुम्हाला वाटतो तेवढा भार तो पेलत नाही.

> इशारा: मापबदलाचे कायदे आणि विम्याच्या अटी सगळीकडे सारख्या नसतात. मंजूर मापांच्या बाहेर जाणार असाल तर तुमच्याकडचा नियम आणि पॉलिसी खरेदीआधी वाचा.

## टप्पा ४: जागा मोजणं

रिम तीच असल्यामुळे ऑफसेट बदलत नाही. वाढलेली रुंदी आत-बाहेर निम्मी-निम्मी वाटली जाते. पण किती वाढते?

छापील आकड्यांची वजाबाकी करून चालत नाही. मापाच्या रिमवर १८५/६५ आर१५ ची जाहीर रुंदी १८९ मिमी असते, १९५/६० आर१५ ची २०१ आणि २०५/६० आर१५ ची २०९. शिवाय रिम अर्धा इंच रुंद किंवा अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने त्याच दिशेने बदलते. आपल्या सहा इंची रिमवर मूळ टायर १९४ मिमी (१८९ अधिक ५). १९५ चा टायर २०१, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिमी वाढ. २०५ चा २०९, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात. तुमच्या पसंतीच्या टायरची नेमकी रुंदी कंपनीच्या तक्त्यात बघा. परफॉर्मन्स टायरचे खांदे चौकोनी असतात आणि रिम वाचवणारी रबरी कड बाहेर आलेली असते, त्यामुळे तेच माप दुसऱ्या ब्रँडमध्ये जास्त जागा खाऊ शकतं.

आता गाडीवर मोजा. सपाट जागा, चाकं जमिनीवर, हवा स्टिकरप्रमाणे.

समोर, आतून. स्ट्रटची नळी आणि तिच्यावरची स्प्रिंगची वाटी यांच्यापासून टायरची फट ड्रिल बिटने मोजा. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत ही वाटी चाकाबरोबरच फिरते आणि चाकाबरोबरच वर-खाली होते. म्हणून इथली फट स्टिअरिंगने किंवा खड्ड्याने फारशी बदलत नाही, उभ्या गाडीत जी दिसते ती बहुतेक तीच. एका बाजूची वाढ वजा केल्यावर किमान ५-६ मिमी उरले पाहिजेत. टायर उंच होत असेल तर वाटीखालची उभी फटही त्याच हिशोबात धरा.

समोर, पूर्ण वळवून. स्टिअरिंग डावीकडे टोकाला न्या, चारी बाजूंनी बघा, मग उजवीकडे. बंपरच्या मागची लायनर (आर्चच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर), आर्चचा खालचा मागचा कोपरा आणि आतल्या बाजूला अँटिरोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) किंवा सबफ्रेम (इंजिनखालची चौकट). सगळीकडे १० मिमीच्या वर उरले तर झोप शांत लागते. हेच ठिकाण बहुतेकांचं बघायचं राहतं, कारण वळवलेल्या चाकाचा आतला मागचा कोपरा वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही.

मागे. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप, शॉक अॅब्सॉर्बर आणि आतली भिंत. मागच्या चाकांची खरी परीक्षा भरल्या गाडीत होते.

बाहेरून. आर्चच्या कडेवर उभी पट्टी लावा आणि ती टायरच्या सर्वांत फुगीर भागापासून किती दूर आहे ते बघा.

आता क्ले. लिंबाएवढा गोळा करून आर्चच्या कडेच्या आतल्या बाजूला आणि लायनरवर संशयाच्या जागी चिकटवा. जाडी दीडेक सेंटिमीटर. मागे तीन माणसं आणि सामान घालून गाडी हळू वेगात गतिरोधकावरून तिरकी न्या, म्हणजे एकेक चाक वेगळं दबेल. परत येऊन बघा. क्लेवर रबराचा चपटा ठसा उमटला असेल तर उरलेल्या थराची जाडी मोजा. मूळ टायरला मिळालेली जागा ती. ठसाच नसेल तर जागा दीड सेंटिमीटरहून जास्त. यातून वाढ वजा करा. चाचणी झाल्यावर क्ले काढायला विसरू नका.

> तपासणी: कागदावर आठ आकडे हवेत: समोर आत, समोर बाहेर, समोर पूर्ण वळणात, मागे, प्रत्येक ठिकाणी डावा-उजवा वेगळा. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही.

## टप्पा ५: टायर विकत घेणं

इथे थोडं थांबा. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा किती मोठा असावा हे मुख्यतः त्यावरचा भार आणि आतली हवा ठरवतात. टायर रुंद केला की तो पट्टा आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. वळणावर त्या आकाराचा फायदा होतो, हे खरं. पण पकड मुळात येते रबराच्या कंपाउंडमधून (मिश्रणातून) आणि साइडवॉलच्या ताठरपणातून. तुमच्या मूळ मापातच चांगला परफॉर्मन्स टायर मिळत असेल, तर साध्या कंपाउंडच्या रुंद टायरपेक्षा तो बहुतेक वेळा सरस ठरतो. मोजमाप करून झाल्यावर मूळ मापच घ्यावं असं वाटलं, तर त्यात कमीपणा काही नाही.

रुंद टायरची किंमत इतर ठिकाणीही मोजावी लागते. पाणी साचलेल्या रस्त्यावर तो कमी वेगातच तरंगू लागतो, स्टिअरिंग थोडं जड होतं, घासलेल्या चाकोऱ्यांमध्ये गाडी ओढली जाते आणि इंधन थोडं जास्त जातं. उन्हाळी परफॉर्मन्स कंपाउंड साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडतं, हेही लक्षात असू द्या.

चारही टायर एकच घ्या. फक्त पुढची दोन रुंद केली तर पुढची पकड वाढते आणि मागची तिथेच राहते. ओल्या वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग निसटायला बघतो. दोनच घ्यायची वेळ आली तर मूळ मापातली घ्या आणि नवी मागे लावा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत वेगवेगळ्या व्यासाचे टायर घालू नका, गिअरच्या जोडण्यांवर सतत ताण येतो.

पैसे देण्याआधी प्रत्येक टायरच्या साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. हा शिक्का एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून दोन्ही बाजू बघा.

## टप्पा ६: रिमवर चढवणं

हे काम मशीनवरच करायचं आणि समोर उभं राहून बघायचं.

1. जुना टायर निघाला की रिमची बीडची जागा वायर ब्रशने साफ करून घ्या. अलॉयवर तिथे पांढरी बुरशीसारखी भुकटी जमते, तीच पुढे हळू गळती करते. जुन्या बॅलन्सिंगची चिकट वजनं आणि गोंद पूर्ण काढा.
2. रबरी व्हॉल्व नवे घाला. हवेचा सेन्सर असेल तर त्याची सील आणि व्हॉल्वची सुई बदला, आणि टायर काढताना मशीनचा दांडा सेन्सरवर येणार नाही हे आधीच सांगा.
3. टायरची दिशा ठरवा. बाण असेल तर गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. डाव्या-उजव्याची गल्लत इथे झाली की सगळं पुन्हा खोलावं लागतं.
4. बीडला टायरची पेस्टच लावा. ग्रीस किंवा तेल नको; ते रबर खातं आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकू शकतो.
5. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वसमोर आणा, तो टायरचा हलका भाग असतो.
6. व्हॉल्वची सुई काढून हवा भरा. 'टक्, टक्' असे दोन आवाज येऊन दोन्ही बीड बसतात.

> इशारा: बीड बसवताना ४० पीएसआयच्या पुढे जाऊ देऊ नका. तोवर बसला नाही तर हवा सोडा, पुन्हा पेस्ट लावा, टायर थोडा फिरवून परत प्रयत्न करा. हवा भरताना चाकावर ओणवं होऊन बघू नका.

> तपासणी: रिमच्या ओठाजवळ साइडवॉलवर एक बारीक गोल रेघ असते. ओठापासून तिचं अंतर पूर्ण वर्तुळात सारखं हवं. एके जागी रेघ आत गेली असेल तर बीड तिथे बसलेला नाही, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी गाडी थरथरत राहील.

बॅलन्सिंग करताना एका चाकाला खूप वजन लागायला लागलं, म्हणजे ७०-८० ग्रॅमच्या वर, तर वजनं चिकटवत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बघायला सांगा. चिकट वजनं ब्रेक कॅलिपरला लागणार नाहीत अशा जागी हवीत.

## टप्पा ७: चाक गाडीवर लावणं

हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) चपटा भाग वायर ब्रशने घासा. तिथे गंजाची पापडी राहिली तर चाक नीट टेकत नाही आणि त्याची थरथर टायरच्या नावावर जाते. नट आधी हाताने तीन-चार वेढे फिरवा, नंतर पान्याने चांदणीच्या क्रमाने, आणि गाडी जमिनीवर टेकवल्यावर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हवेच्या गनने शेवटचं आवळणं नको. आट्यांना तेल लावू नका. त्याच आकड्यावर नट प्रत्यक्षात जास्त ताणले जातात. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा टॉर्क बघा.

## टप्पा ८: घासतोय का?

दुकानातून बाहेर पडण्याआधी उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, टॉर्चने फटी बघा आणि टप्पा ४ चे आकडे पडताळा. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पूर्ण डावीकडे वळवून पुढे, तसंच मागे. मग उजवीकडे. रिव्हर्समधली फेरी टाळू नका, कित्येक गाड्यांत टायर फक्त रिव्हर्सलाच लायनर पकडतो.

त्यानंतर माणसं-सामान भरून गतिरोधक, उतारावरचं वळण आणि वळताना हलका ब्रेक. खिडक्या उघड्या, गाणी बंद. लायनरला लागलं तर प्लॅस्टिकचा 'खर्र' आवाज फक्त वळताना येतो. आर्चच्या पत्र्याला लागलं तर खड्ड्यात एकदाच 'चर्र'. स्ट्रटला लागत असेल तर सरळ रस्त्यावरही आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढतो. घरी आल्यावर साइडवॉलवर हात फिरवा. घासलेली जागा गुळगुळीत, चकचकीत पट्ट्यासारखी लागते.

लायनर सैल झाल्यामुळे लागत असेल तर तिची क्लिप बदलून काम भागतं. साइडवॉल धातूला लागत असेल, किंवा ब्रेकच्या पाइपजवळ जात असेल, तर हे माप तुमच्या गाडीचं नाही. 'थोडं घासून घासून जागा होईल' असं सांगणारा माणूस भेटतोच. त्या घासण्यात साइडवॉलचे आतले धागे उघडे पडतात.

## टप्पा ९: हवा आणि अलाइनमेंट

सुरुवात स्टिकरवरच्या थंड दाबापासून. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी. एक्सएल टायर असेल तर दोन-तीन पीएसआय जास्त ठेवून बघा. नेमका आकडा टायर कंपनीच्या भार तक्त्यातून घेता आला तर उत्तम. साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाब हा रोज भरायचा दाब नव्हे.

मग खडूची परीक्षा. ट्रेडवर आडवी जाड रेघ मारा, सपाट डांबरी रस्त्यावर गाडी सरळ थोडीशीच चालवा आणि बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली तर ठीक. मधोमध आधी पुसली तर हवा जास्त आहे, किंवा रिम त्या टायरला अरुंद पडतेय. इथे एक मोह होतो: मधला फुगवटा बसवायला हवा उतरवायची. स्टिकरच्या खाली उतरू नका. अरुंद रिमवर साइडवॉल आधीच जास्त वाकतेय, हवा कमी केली की ती तापते, आणि टायर फुटतो तो त्या तापण्याने.

सेन्सर असेल तर नव्या दाबावर रीसेट करा. अलाइनमेंट टायर घातल्यावरच करायची, आधी नाही. 'टो'चा (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्याचा) आकडा बारकाईने बघा. रुंद ट्रेडवर थोडासाही चुकलेला टो एक खांदा भराभर खातो. आधीच्या टायरची आतली कड झिजलेली होती का, हे काम करणाऱ्याला दाखवा, म्हणजे कँबरही (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा) बघितला जाईल.

## टप्पा १०: पहिले हजार किलोमीटर

नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला निसरडा थर असतो. पहिले दोन-तीनशे किमी, विशेषतः ओल्या रस्त्यावर, जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. नवी पकड किती हे या काळात आजमावू नका.

दर आठवड्याला थंड हवा तपासा. एकच चाक सतत उतरत असेल तर पंक्चर शोधण्याआधी बीडवर साबणाचं पाणी टाका. हजार किमीला ट्रेडची खोली आत, मध्ये, बाहेर अशी तीन जागी मोजून लिहून ठेवा. मध्य खोल झिजला असेल तर पुन्हा टप्पा ९, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट. आर्चच्या आत टॉर्च मारून नवे ओरखडे आहेत का तेही याच वेळी बघा. प्रवासी आणि सामानासह एखादा लांबचा प्रवास झाल्यावरच मागच्या चाकांचा निकाल खरा लागतो.

आणि डिकीतलं स्टेपनी विसरू नका. ते अजून जुन्या मापाचं आहे. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर तात्पुरतं चालतं, पण शक्यतो ते इंजिनची ताकद न जाणाऱ्या चाकांच्या जोडीत लावा: इंजिनची ताकद पुढे जात असेल तर मागे, आणि पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा. एवढी उठाठेव नको असेल तर पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या, फक्त तो डिकीतल्या खाचेत बसतो का हे घेण्याआधी मोजा.